इमारतीचा झोका, मातीचा झोका

26 जानेवारी 2001, सकाळचे पावणेनऊ. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी झोपाळ्याच्या कड्या आपोआप कुरकुरू लागल्या. आजी देवासमोर बसली होती, तिला हादरा फारसा जाणवलाही नाही. त्याच क्षणी अकोट्यात, सातव्या मजल्यावर, आत्याचं कपाट भिंत सोडून पुढे आलं. शहर एकच, भूकंपही एकच. तेव्हापासून आत्या विचारते, "म्हणजे उंच इमारत वाईटच ना रे?"

तसं नाही. झोपाळ्याकडेच बघा. दोन मीटर कड्यांचा झोपाळा जाऊन परत यायला पावणेतीन सेकंदांच्या आसपास घेतो, झोका लहान असो की थोडा मोठा. ही त्याची स्वतःची लय. इमारतीलाही अशी लय असते. ढोबळ हिशेब मजल्यामागे सेकंदाचा दहावा भाग: दोन मजल्यांचं घर 0.2 सेकंदांत डोलतं, दहा मजल्यांची इमारत साधारण 1 सेकंदात. झोक्याला नेमक्या वेळी बोटाने ढकललं तरी तो चढत जातो. भूकंपाचे हेलकावे इमारतीच्या लयीत आले की तिचंही तेच होतं.

ते हेलकावे कसे येतील, हे बरंचसं माती ठरवते. ताटात खरवसाची वडी ठेवून ताटाला टिचकी मारा. ताट जेमतेम हलतं, वडी मात्र थरथरत राहते. कठीण खडकावर मऊ गाळ असला की असंच होतं. त्या थराची लयही काढता येते: जाडीची चौपट करायची आणि आडव्या हादऱ्याची लाट मातीतून ज्या वेगाने वर येते त्याने भागायचं. समजा 40 मीटर गाळ आहे आणि वेग सेकंदाला 200 मीटर, तर उत्तर 0.8 सेकंद. म्हणजे तिथे धास्ती आठमजलीला जास्त! आपलं वडोदरा विश्वामित्री नदीकाठच्या गाळाच्या मैदानातच वसलेलं आहे.

1985 साली मेक्सिको सिटीत हे भीषण रूपात दिसलं. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरांहून दूर, पण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या चिखलावर. तिथला चिखल 2 सेकंदांच्या लयीत डोलला आणि साधारण 6 ते 15 मजल्यांच्या इमारतींवर सर्वाधिक घाला आला. यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी: तडे गेले की इमारत ढिली होते आणि तिची लय लांबते. सुरुवातीला सुटून गेलेली इमारत तड्यांमुळे मातीच्या लयीत सापडू शकते. त्याच शहरातला 44 मजल्यांचा लातिनोअमेरिकाना मनोरा मात्र उभा राहिला.

अंतराचाही भाग आहे. बारीक, जलद कंपनं वाटेत विरतात, लांब हेलकावे दूरवर पोचतात. म्हणून 2001 मध्ये केंद्राजवळ कच्छात दगडमातीची बैठी घरं कोसळली, तर अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती. त्यांतल्या अनेकींच्या तळमजल्यावर भिंतीच नव्हत्या, गाड्यांसाठी नुसते खांब. वरचा सगळा भार त्या मोकळ्या मजल्यावर हेलकावला आणि खांब तिथेच मोडले.

तेव्हा आत्या, केंद्र जवळ असतं तर आजीच्या वाड्याच्या जाड विटांच्या भिंतींची मला जास्त काळजी वाटली असती. नवा फ्लॅट बघायला जाशील तेव्हा मजला नंतर विचार. आधी माती परीक्षणाचा अहवाल माग, मग खाली पार्किंगमध्ये उतर आणि खांबांच्या मध्ये काँक्रीटच्या भिंती कुठे कुठे आहेत ते बघ. मी येतो बरोबर.