इटरेशन म्हणजे वेळ नाही, टाइम स्टेप म्हणजे वेळ
प्रोजेक्टची लेकरं हीट ट्रान्सफरचा प्रोग्राम घेऊन येतात ना, त्यातली बरीचशी एकाच जागी अडकतात, "सर, २०० इटरेशन झाले म्हणजे २०० सेकंद झाले ना?" नाही रे बाबा. इथं गफलत झाली की पुढचा सगळा ग्राफच चुकतो.

आपल्या परभणीकडच्या जुन्या माळवदाचं बघा. पांढऱ्या मातीचं ३० सेंटीमीटर जाड छत धरा अन् त्याचे ३-३ सेंटीमीटरचे १० थर करा. वर कायम ६० डिग्री, खाली कायम ३०, आणि आत शेवटी किती होईल एवढंच पाहिजे असेल तर ते झालं स्टेडी स्टेट. मधल्या प्रत्येक नोडला (दोन थरांच्या सीमेवरचा, जिथलं तापमान काढायचं तो बिंदू) शेजारच्या दोघांची सरासरी द्यायची, परत द्यायची, आकडे हलायचे थांबेपर्यंत. हे इटरेशन. सुरुवातीला ० टाका का १०० टाका, उत्तर तेच येतं, मधले आकडे नुसते अंदाज.

पण पत्र्याखाली दुपारीच जीव नकोसा होतो अन् माळवदाखाली तेव्हा गार का वाटतं, हे त्यातून कळत नाही, कारण ऊन मातीतून खाली उतरायला कित्येक तास लागतात. त्याला टाइम स्टेप पाहिजे, म्हणजे घड्याळ थोडं थोडं पुढं सरकवत दर वेळी नवं तापमान काढायचं, आणि सुरुवातीचं तापमान खरंच पाहिजे, मनाचं चालत नाही. मातीची डिफ्युजिव्हिटी (उष्णता किती वेगानं पसरते त्याचं माप) सेकंदाला साधारण अर्धा चौरस मिलिमीटर धरली तर एक्सप्लिसिट पद्धतीत (नवं तापमान थेट जुन्या आकड्यांवरून काढायचं) स्टेप १५ मिनिटांच्या पुढं नेता येत नाही, नेली की आकडे वरखाली उड्या मारत सुटतात, आणि थर दीड सेंटीमीटरचे केले की हीच मर्यादा पावणेचार मिनिटांवर येते.

गोंधळ होतो त्याला कारण बी आहे. फूरिए नंबर (डिफ्युजिव्हिटी गुणिले स्टेप, भागिले थराच्या जाडीचा वर्ग) बरोबर अर्धा ठेवला, म्हणजे इथं स्टेप १५ मिनिटांची घेतली, की सूत्रातून नोडचं स्वतःचं जुनं तापमान गळून जातं, उरते फक्त शेजाऱ्यांची सरासरी, म्हणजे वरचंच इटरेशन, जुनेच आकडे वापरून केलेलं, त्याला जॅकोबी म्हणतात! एक्सेलमधे दोन्ही शीट हुबेहूब सारख्या दिसतात. पण हे तेवढ्यापुरतंच, नवा आकडा लगेच वापरणारं गॉस-सायडल लावलं की फेरीचा अन् घड्याळाचा संबंध तुटला.

इम्प्लिसिटमधे (नव्या तापमानांची समीकरणं एकत्र सोडवायची पद्धत) तर दोन्ही एकत्र असतात, एका तासाची एक स्टेप अन् तिच्या आत वीस इटरेशन. वीस झाले तरी घड्याळ एकच तास सरकलं, आणि ते वीस नीट कन्व्हर्ज न होताच, म्हणजे आकडे हलायचे थांबायच्या आधीच, पुढं गेलात तर ती चूक पुढच्या तासात जाते.