कोल्हापुरात बोअर मारली तर तेल लागंल काय?

"सर, आपल्याकडं बोअर मारली तर तेल लागंल काय?" खनिज तेलाचा पाठ सुरू केला की वर्गात हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. पोरं हसतात. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

तेलाची सुरुवात होते पाण्यात. समुद्रात तरंगणारे सूक्ष्म जीव आणि शेवाळ मरून तळाशी बसतात. तिथं ऑक्सिजन कमी असला तर ते पुरते कुजत नाहीत आणि त्यांच्यावर चिखल साचत जातो. थरावर थर चढत हा गाळ दोन-चार किलोमीटर खाली गेला, की 60 ते 120 अंश सेल्सिअसच्या मंद आचेवर लाखो वर्षं शिजतो आणि त्यातल्या जीवद्रव्याचं तेल होतं. आच कमी पडली तर तेल होत नाही, फार झाली तर नुसता वायू उरतो. (डायनासोर गाडले गेले आणि त्यांचं तेल झालं, ही समजूत डोक्यातून काढून टाका. तेल या बारक्या जीवांचं आहे.)

जमिनीखाली तेलाचं तळंही नसतं. भिजलेल्या विटेत पाणी मुरलेलं असतं, तसं ते खडकाच्या छिद्रांत असतं. हलकं असल्यामुळे ते वर सरकत राहतं आणि वाटेत न झिरपणारा खडक आडवा आला की त्याच्याखाली अडकतं. आपण भोक पाडतो ते तिथं.

आता आपलं कोल्हापूर. जोतिबाचा डोंगर घ्या नाहीतर विहिरीतून निघणारा काळा पाषाण, हा सगळा बेसाल्ट. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. वितळलेल्या दगडात कुठले जीव आणि कुठला गाळ? म्हणून आपल्या बोअरला पाणी लागेल, तेल नाही.

गंमत पुढं आहे. 1974 मध्ये मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर भर समुद्रात 'सागर सम्राट' या समुद्रात विहीर खोदणाऱ्या रिगनं बॉम्बे हायचं तेल शोधलं. तिथंही खोल तळाशी दख्खनचा हाच काळा दगड आहे! फरक एवढाच, की तिथं त्याच्यावर नंतर समुद्र आला. त्यानं गाळ आणला, चुनखडक रचला. तेल गाळात शिजलं आणि मुख्यतः चुनखडकात साठलं.

वर आलेलं कच्चं तेल तसंच्या तसं गाडीत घालता येत नाही. ते अनेक हायड्रोकार्बनांचं (कार्बन आणि हायड्रोजनच्या संयुगांचं) मिश्रण असतं आणि त्यातला प्रत्येक घटक वेगळ्या तापमानाला उकळतो. हे वर्गात फळ्यावर समजावण्यापेक्षा मी पोरांना गुऱ्हाळावर नेतो. चुलवाणावर काहील चढलेली असते. रसातलं पाणी वाफ होऊन उडतं आणि 118 अंशांच्या आसपास गुळव्या काहील उतरवतो. थर्मामीटर नाही, पाण्यात थेंब टाकून गोळी होते का बघायचं. इथं उडालेलं वाऱ्यावर सोडायचं आणि राहिलेलं ठेवायचं. तेल शुद्धीकरण कारखान्यात मात्र उडालेलंही ठेवतात.

तिथं कच्चं तेल 350 अंशांच्या आसपास तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. मनोरा खाली गरम, वर थंड. वाफा वर चढताना निवत जातात आणि ज्याला जिथं द्रवरूप व्हायचं, तो त्या मजल्यावर थांबतो. सगळ्यात वर गॅस, मग पेट्रोल आणि नाफ्था (पेट्रोलसारखाच हलका द्रव), त्याखाली रॉकेल, मग डिझेल. तळाशी दाट, काळं उरतं, त्यातून वंगण आणि डांबर निघतं. असं का, तर रेणूतली कार्बनची साखळी जितकी लांब, तितकं ते उकळायला जड. घरच्या सिलिंडरमधल्या गॅसच्या साखळीत कार्बनचे 3-4 अणू असतात, डांबराच्या रेणूंत कितीतरी डझन. पेट्रोलला मागणी जास्त, म्हणून लांब साखळ्या तोडून आखूडही करतात.

जाळण्यापलीकडे तेल कुठं कुठं असतं, ते शोधायला पोरांना घरी पाठवलं की वह्या भरतात. दुधाची पिशवी, ठिबकच्या नळ्या, टायर, इचलकरंजीच्या मागावरचा पॉलिएस्टर धागा, यातल्या बहुतेकांची मुळं नाफ्थात किंवा वायूत सापडतात. कोल्हापुरी चप्पल चामड्याची खरी, पण पावसात आपण घालतो ती तेलातूनच आलेली. मेणबत्तीचं मेणही तिथलंच, हे मात्र कुणी लिहून आणत नाही.

हल्ली आणखी एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, मग आपल्या उसाचं पेट्रोल?" उसाचं पेट्रोल होत नाही, इथेनॉल होतं. मोलॅसिस (मळी) किंवा रस आंबवायचा आणि पुन्हा तसाच मनोरा. इथेनॉल 78 अंशांना उकळतं, म्हणून पाण्याच्या आधी उडतं. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते 20 टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असतं. लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडतं. एका पोरानं हे घरी सांगितलं, तर वडील म्हणाले, "ऊस आपलाच, मग तक्रार कुणाकडं करायची?"