घटस्फोट झालेला नसला तरी मुलांसाठी बालसंगोपनाचा अर्ज करता येतो

नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मुलांसह माहेरी आलेल्या आईला त्यांच्या संगोपनासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून पात्र मुलासाठी दरमहा 2250 रुपये मिळू शकतात. मूल 18 वर्षांच्या आतील असावे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, म्हणजे आपल्या कोकणात रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांसाठी अनुक्रमे अलिबाग, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गनगरी येथे द्यावा. गृहभेटीनंतर बालकल्याण समिती आदेश देते. आधार, जन्मदाखला, शाळेचे बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि पासबुक ही नेहमीची कागदपत्रे बहुतेकांना जमवता येतात.

अडते ते पालकांच्या विभक्तपणाच्या पुराव्यापाशी. विधवेजवळ मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेजवळ न्यायालयाचा हुकूमनामा असतो, पण नेसत्या वस्त्रानिशी निघालेल्या बाईजवळ यातले काहीच नसते, आणि तरीही तिला "घटस्फोटाचा कागद आणा" असे सांगून परत पाठवले जाते. ही मागणी चुकीची आहे. विभक्त राहणाऱ्या पालकांची मुले आणि पालकांमधील तीव्र बेबनाव न्यायालयात किंवा पोलिसांत गेल्यामुळे संकटात सापडलेली मुलेही या योजनेत येतात. म्हणून कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी घेणाऱ्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे घटना अहवाल (झालेल्या हिंसाचाराची लेखी नोंद) नोंदवावा, त्याची प्रत मागून घ्यावी आणि पोलीस तक्रारीची किंवा न्यायालयातील अर्जाची प्रतही जोडावी. सरपंच सासरच्या ओळखीतले असल्याने वेगळे राहत असल्याचा दाखला देण्यास कचरत असतील, तर हेच कागद उपयोगी पडतात. तरीही अर्ज घेतला नाही, तर कारण लेखी द्यावे असा आग्रह धरावा.

दुसरी अडचण आपल्या कोकणात घरोघरी दिसते. नवरा मुंबईला, शिधापत्रिका तिथली, लग्न गावचे आणि बाई आता राजापूरला किंवा देवगडला माहेरी. अशा बाईला "जिथे घडले तिथे जा" हे उत्तर ठरलेले असते. परंतु कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 च्या कलम 27 नुसार ती तात्पुरती जिथे राहते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही या कायद्याखाली संरक्षणासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी मुंबईची गाडी धरण्याची गरज नाही. वकील तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो आणि महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, तरी दाखला मागितला जातो, हे खेदाने नमूद करावे लागते.

60 दिवसांबद्दलचा गैरसमज फार नुकसान करतो. घटनेनंतर 60 दिवसांत न्यायालयात हा अर्ज केला नाही तर हक्क गेला, असे समजून कितीतरी आया गप्प बसतात. वास्तविक ही मुदत न्यायालयासाठी आहे: पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे याच अधिनियमाचे कलम 12 सांगते. असा अर्ज करण्यास एका वर्षाची मुदतमर्यादा लागू होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र अर्जात मुलांचा तात्पुरता ताबा (कलम 21) आणि त्यांच्या पोटगीसह आर्थिक साहाय्य (कलम 20) स्पष्ट शब्दांत मागावे. केवळ मारहाणीची हकीकत लिहून थांबू नये. समुपदेशनाचा आदेश झाला आणि नवऱ्यासमोर बसण्याची भीती वाटत असेल, तर स्वतंत्र समुपदेशन मागावे. कलम 14 मध्ये तशी तरतूद आहे.

शाळेचा दाखला जुन्या शाळेत अडकला म्हणून मुलाला घरी बसवू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला जिल्हा परिषदेची शाळा दाखल्याच्या विलंबाचे कारण देऊन प्रवेश नाकारू शकत नाही.

बालसंगोपनाचे पैसे जमा होण्यासाठी नवऱ्यासोबतचे जोडखाते कधीही देऊ नये. आईचे स्वतःचे खाते असले, तरी त्याला नवऱ्याचा मोबाईल क्रमांक जोडलेला असल्यास प्रत्येक व्यवहाराचा संदेश त्याच्याकडे जातो आणि ती कुठे राहते हेही त्यातून उघड होऊ शकते. त्यामुळे अर्ज देण्यापूर्वी बँकेत जाऊन क्रमांक बदलून घ्यावा आणि बदल झाल्याची पोच जपून ठेवावी.