लाईट आल्यावर सर्व्हिस का उठत नाही

रावेर, सावदा, फैजपूर बाजूला केळी पिकवायची चेंबरं बरीच आहेत, आणि एखाद्या चेंबरमध्ये तापमान नोंदवायला लिनक्सवाला छोटा कॉम्प्युटर बसवला आहे असं धरा, रास्पबेरी पाय म्हणा नाहीतर एखादा जुना डेस्कटॉप. आत साधारण १४ ते १८ अंश ठेवावं लागतं, म्हणून नोंद बंद पडली की मालाची काळजी. लाईट जाते, काही तासांनी येते, कॉम्प्युटर आपोआप चालू होतो पण तापमान पाठवणारी सर्व्हिस, म्हणजे मागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, काही चालू होत नाही, कोणीतरी जाऊन हाताने स्टार्ट करतं तर लगेच चालते, आणि मग सगळे म्हणतात प्रोग्रॅममध्येच काहीतरी खोट आहे.

मला वाटतं हाताने चालते हाच सगळ्यात मोठा पुरावा आहे. प्रोग्रॅम बहुतेक ठीक असतो, बूटच्या, म्हणजे कॉम्प्युटर उठण्याच्या, त्या क्षणी त्याला जे लागतं ते अजून जागेवर नसतं. काय नव्हतं, एवढंच शोधायचं.

जुन्या लिनक्समध्ये सर्व्हिसच्या स्क्रिप्ट नंबरप्रमाणे एकामागून एक चालायच्या. २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सर्व्हिस चालू करणारं सिस्टमडी आणलं, २०११ मध्ये फेडोरा १५ या लिनक्सने ते घेतलं, २०१५ पर्यंत डेबियन आणि उबुंटूतही तेच आलं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उठला की सगळ्यात आधी हाच प्रोसेस चालू होतो, नंबर १, आणि हा बाकीच्यांना जमेल तेवढं एकदमच उठवतो. त्याने बूट फास्ट झालं हे खरं, पण कोण कोणाच्या आधी हे आता तुम्ही स्वतः लिहून द्यायचं, नाही लिहिलं तर तो वाट बघत नाही.

आणि इथेच लोक सगळ्यात जास्त अडकतात. युनिट फाईलमध्ये, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेल्या फाईलमध्ये, आफ्टर लिहिलं की झालं असं वाटतं. आपली भरीत-पुरीची पार्टी घ्या. भरीत झाल्यावर पुऱ्या तळा, हे आफ्टर. यात फक्त क्रम आहे, भरीत करायला कोणाला सांगितलंच नसेल तर पुऱ्या तळणारा कढई चढवून मोकळा. भरीत पाहिजेच, हे सांगायला वॉन्ट्स किंवा रिक्वायर्स लागतं, पण नुसतं तेवढंच लिहिलं तर दोन्ही कामं एकदम सुरू होतात आणि वांगी भाजेपर्यंत पुऱ्या गार. दोन्ही ओळी लागतात, क्रमाची वेगळी आणि गरजेची वेगळी.

नेटवर्कचं पण तसंच. टार्गेट म्हणजे बूटमधला एक टप्पा. नेटवर्क टार्गेट हे नाव बघून वाटतं की नेट आलं, पण त्याचा अर्थ एवढाच की नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम चालू झालाय. ॲड्रेस मिळेपर्यंत थांबायचं असेल तर नेटवर्क ऑनलाईन टार्गेट, ते आफ्टर आणि वॉन्ट्स दोन्हीत टाकायचं, आणि त्याची वेट ऑनलाईन सर्व्हिस एनेबल आहे ना ते बघायचं. तरीपण आपल्याकडे एक गोष्ट राहतेच, लाईट आली की राऊटर आणि कॉम्प्युटर एकदमच उठतात, राऊटर घरातला ॲड्रेस लवकर देतो पण बाहेरचं नेट यायला अजून वेळ लागतो, आणि त्याची हमी कुठलंच टार्गेट देत नाही. म्हणून सर्व्हिसने पुन्हा पुन्हा प्रयत्न करायला पाहिजे.

त्यासाठी रिस्टार्ट ऑन फेल्युअर, म्हणजे पडलं तर परत चालू कर, असं लिहितात, बरोबरच आहे, पण दोन प्रयत्नांमधलं अंतर मुळात फक्त १०० मिलिसेकंद असतं आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की सिस्टमडी हात टेकतं. म्हणजे प्रोग्रॅम लगेच पडत असेल तर राऊटर उठायच्या आत पाचही संधी संपलेल्या! रिस्टार्टसेक, म्हणजे हे अंतर, १० सेकंद करा, मग ती मर्यादा लागतच नाही. सुरुवातीला ३० सेकंद स्लीप टाकायचा जुगाड मला अजिबात पटत नाही, ज्या दिवशी राऊटर ४० सेकंद घेईल त्या दिवशी परत तेच.

आता शोधायचं कसं. पहिले सिस्टमसीटीएल स्टेटस आणि सर्व्हिसचं नाव. डिसेबल्ड दिसलं तर काम तिथेच संपलं, स्टार्ट केलं म्हणजे फक्त आत्तापुरतं, बूटला चालू व्हायला एनेबल वेगळं करावं लागतं. कोड २०३ म्हणजे प्रोग्रॅमची फाईल चालवता आली नाही, पाथ चुकला किंवा चालवायची परवानगी नाही. २१७ म्हणजे तो युजरच सापडला नाही, २०० म्हणजे काम करायचा फोल्डर उघडता आला नाही, बरेचदा तो पेनड्राइव्ह नाहीतर बाहेरच्या डिस्कवर असतो आणि ती अजून माउंट झालेली, म्हणजे वापरायला जोडलेली, नसते, तिथे रिक्वायर्स माउंट्स फॉर ही ओळ कामाची. आणि तुमच्या टर्मिनलमधल्या पाथ वगैरे सेटिंग सर्व्हिसला दिसत नाहीत, पायथॉनचं एन्व्हायर्नमेंट असेल तर पूर्ण पाथच द्या.

मग जर्नलसीटीएल मायनस बी मायनस यू आणि नाव, म्हणजे या बूटचा त्या सर्व्हिसचा लॉग. मायनस बी मायनस १ दिलं की आधीच्या बूटचा, पण काही सिस्टीमवर लॉग फक्त मेमरीत असतो आणि लाईट गेली की पुसतो, तेव्हा जर्नलच्या सेटिंगमध्ये स्टोरेज पर्सिस्टंट आधीच करून ठेवा.

रास्पबेरी पायवाल्यांनी घड्याळ पण बघा. पाय ४ पर्यंत त्यात बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही, पाय ५ मध्ये आहे पण बॅटरी वेगळी घ्यावी लागते. मग चार तासांनी लाईट आली तरी बोर्डाला वाटतं की गेली तेव्हाच परत आली, नेट येऊन वेळ जुळेपर्यंत तापमानाच्या नोंदी चार तास मागच्या वेळेने पडतात, आणि केळीच्या चेंबरमध्ये कधी गरम झालं हेच तर बघायचं असतं. टाईम सिंक टार्गेटनंतर चालू व्हा असं लिहा आणि सिस्टमडीची टाईम वेट सिंक सर्व्हिस एनेबल करा. फक्त नेटच आलं नाही तर नोंदही थांबून राहील, म्हणून चेंबरसाठी मी तरी शंभर-दोनशे रुपयांचं घड्याळाचं मॉड्यूल बसवायलाच सांगेन.

सगळं झाल्यावर नुसतं सर्व्हिस रिस्टार्ट करून तपासू नका, रीबूट पण पुरेसं नाही कारण राऊटर तर चालूच राहतो. कॉम्प्युटर नीट शटडाऊन करा, कारण चालू असताना लाईट काढली तर मेमरी कार्ड खराब होऊ शकतं, मग राऊटरसकट सगळं मेन स्विचवरून बंद करा, थोडं थांबून एकदम चालू करा आणि त्या बूटचा जर्नल वाचा.