पार्श्वभूमी : गावची लाईट, शेताची लाईट

‘दिवसा लाईट द्या’ ही मागणी सांगली-साताऱ्याकडे जुनी आहे. बाहेरच्या माणसाला ती चमत्कारिक वाटते. दिवसाढवळ्या लाईट कशाला? इकडे लाईट बिलात असते, खांबावर असते, पण खरी लाईट विहिरीवरच्या मोटारीची. ‘लाईट आली’ म्हणत माणूस भर उन्हात मळ्याकडे पळतो तो पाणी पाजायला.

कोयनेची वीज १९६२ पासून मिळू लागली आणि पुढे विहिरींवरची इंजिनं हळूहळू गेली, हे सांगायला नको. तेव्हा घर, गिरणी आणि विहीर एकाच लाईनवर असायची. गेली तर सगळ्यांचीच जायची, त्यामुळे भांडणही नव्हतं.

गुंता झाला २००५ नंतरच्या भारनियमनात. आधी आलं सिंगल फेज, म्हणजे तीनऐवजी एकाच फेजचा पुरवठा. घरात बल्ब लागायचा, पण थ्री फेज मोटार उचलायची नाही. स्टार्टरच्या फळीवर तीन बल्ब लावलेले असत. तिन्ही सारखे पेटले तरच बटण दाबायचं. पीक वाळायला लागल्यावर कोण थांबतो? लोकांनी कंडेन्सर जोडून एका फेजवरच मोटारी ओढल्या. मोटारी जळाल्या, डीपीही (ट्रान्सफॉर्मर) जळाले, आणि दोष एकट्या शेतकऱ्यावर आला.

त्यावर उपाय म्हणून गावठाणाचा, म्हणजे मूळ गावातल्या घरांचा, फीडर (उपकेंद्रातून येणारी मुख्य लाईन) शेतीपासून वेगळा काढला. खरा वादाचा निर्णय हाच. विजेचा हिशेब लागावा आणि गाव अंधारात राहू नये, हा हेतू चुकीचा नव्हता. पण तासगाव, खानापूर, आटपाडीकडे निम्मं गाव गावठाणात राहतच नाही, ते मळ्यातल्या वस्तीवर राहतं. लाईन वेगळी झाली तेव्हा या घरांचा बल्ब आणि मुलांचा अभ्यास मोटारीच्या वेळापत्रकाला बांधला गेला. गावात टीव्ही चालू आणि अर्ध्या मैलावर रॉकेलची चिमणी, हे चित्र तेव्हापासूनचं. नकाशा आखताना वस्त्या दिसल्या नाहीत, की दिसूनही सोडल्या, यावर अजून एकमत नाही.

पुढे भारनियमन संपल्याचं सांगितलं गेलं. ते गावच्या लाईटपुरतं खरं. शेतीला काही दिवस दिवसा आठ तास आणि उरलेले दिवस रात्री पुरवठा, याला भारनियमन म्हणतच नाहीत, ते वेळापत्रक. शिराळा-कराडच्या उसात बिबट्या फिरतो आणि बारे (पिकाला पाणी) मात्र रात्री दोनला द्यायचे, म्हणून ‘दिवसा’ या शब्दावर एवढा जोर.

२०१७ मध्ये शेतीचे फीडर सौरऊर्जेवर नेण्याची योजना आली. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल माफ झालं. माफीची जाहिरात जास्त झाली. मागणी मात्र वेळेची होती. सौर प्रकल्प जोडलेल्या फीडरवर दिवसपाळी मिळते. बाकीच्या ठिकाणी या आठवड्याला कुठली पाळी, ते अजून वायरमनला फोन करूनच कळतं.