गरोदरपणातल्या रक्ततपासण्या : येताना जुना रिपोर्ट तेवढा घेऊन या

आमच्या सांगलीच्या लॅबमध्ये सातव्या-आठव्या महिन्यात बऱ्याच ताई पहिल्यांदाच येतात, कारण ओटी भरून माहेरी आलेल्या असतात, सासर पुण्याला नाहीतर मुंबईला आणि फाईल राहिलेली असते तिकडंच कपाटात. मग आम्ही विचारतो मागचं हिमोग्लोबिन किती होतं, तर उत्तर येतं "चांगलं होतं म्हणाले". चांगलं म्हणजे किती ओ ताई? 10.4 आलं आणि आधी 12.3 होतं तर रक्त उतरत चाललंय, आधी 9.1 होतं तर गोळ्या लागू पडल्यात. आकडा तोच, पण अर्थ उलटा. म्हणून फाईल नसेल तर निदान मोबाईलवर फोटो तरी मागवून घ्या.

गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात, 7 च्या खाली म्हणजे लगेच डॉक्टरांकडं. थोडं उतरणं मात्र साहजिक असतं कारण या दिवसात अंगात रक्तातलं पाणी जास्त वाढतं, लाल पेशी त्या मानानं कमी वाढतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमच्या गोळीबरोबर पण नको, नाहीतर लोह नीट अंगी लागत नाही. बरोबर आलेल्या सासूबाई नेहमी म्हणतात सारखं रक्त काढून पोरीचं रक्त कमी होईल, तर मावशी, दोन-तीन ट्यूब मिळून दोन चमचे पण होत नाही बघा, काळजी करू नका.

आता ग्लुकोजची तपासणी, सगळ्यात जास्त घोळ हिच्यातच होतो. पहिल्या भेटीत एकदा आणि नॉर्मल आली तरी 24 ते 28 आठवड्यात परत करायची. 75 ग्रॅम ग्लुकोज साधारण 300 मिली पाण्यात, पाचदहा मिनिटात संपवायचं आणि 2 तासांनी रक्त द्यायचं, 140 किंवा वर आलं तर गरोदरपणातली शुगर समजतात. ही तपासणी उपाशीपोटी असलंच पाहिजे असं नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी उपाशी या म्हणून लिहिलं असेल तर त्यांची तपासणी वेगळी असते, तेव्हा चिठ्ठी दाखवा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत, त्यानंतर झाली तर चालतं. आणि ते 2 तास इथंच बसायचं हो! मागं एक ताई "जरा बाजारात जाऊन येते" म्हणून गेल्या आणि येताना वडापाव खाऊन आल्या, बिचाऱ्यांना सगळं गोड पाणी परत प्यावं लागलं.

ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर नवऱ्याचा ग्रुप पण तपासायचा. तो पॉझिटिव्ह असेल तर आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ शकतात, पहिलं बाळ बहुतेक निभावून जातं, त्रास पुढच्याला होतो. अशा अँटीबॉडी झाल्यात का ते बघायला आयसीटी नावाची तपासणी असते, ती निगेटिव्ह असेल म्हणजे अजून झाल्या नसतील, तर पुढं होऊ नयेत म्हणून 28 आठवड्यांच्या सुमारास अँटी-डी इंजेक्शन देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत परत. मध्येच गर्भपात झाला तरी डॉक्टरांना निगेटिव्ह ग्रुप आहे हे सांगायचंच, ते बरेचजण विसरतात.

एचआयव्ही, कावीळ बी, व्हीडीआरएल (गरमीची म्हणजे सिफिलिसची तपासणी) सगळ्यांनाच सांगतात, तुमच्यावर संशय म्हणून नाही. कावीळ बी पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मल्याबरोबर लसीसोबत वेगळं इंजेक्शन लागतं, ते आधीच आणून ठेवावं लागतं. हा रिपोर्ट आम्ही फक्त तुमच्या हातात देतो, नातेवाईकांनी कितीही विचारलं तरी नाही. थायरॉईड सुरुवातीलाच करून टाका. थॅलेसेमिया म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, त्याची तपासणी एकदाच असते, तुम्ही कॅरियर निघालात (म्हणजे स्वतःला त्रास नाही पण बाळाला जाऊ शकतो) तर मिस्टरांची पण करायची, दोघंही निघालात तर लगेच डॉक्टरांना भेटा. डबल मार्कर म्हणजे बाळाला डाऊन सिंड्रोमसारख्या दोषाचा धोका किती ते बघणारी तपासणी, ती 11 ते 13 आठवडे 6 दिवस एवढ्यातच होते, तारीख गेली की गेली, तिला सोनोग्राफीचा रिपोर्ट लागतो. त्यातून फक्त धोका कमी की जास्त एवढं कळतं, पक्कं निदान नाही. मुलगा की मुलगी आमच्याकडं विचारू नका, तो गुन्हा आहे.

रिपोर्टवर ठळक अक्षर दिसलं की रात्री 10 ला फोन येतात. बाजूला छापलेली रेंज गरोदर नसलेल्या बाईची असते, पांढऱ्या पेशी या दिवसात 12-13 हजार असल्या तरी बऱ्याचदा नॉर्मलच असतात, तेव्हा ताप-थंडी काही नसेल तर सकाळी डॉक्टरांना दाखवा.

अजून एक, दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, 2016 पासून चालू आहे. तिथं जे झालंय ते आमच्याकडं परत करू नका, उगाच पैसे जातात, तोच कागद घेऊन या, आम्ही राहिलेलं तेवढंच करतो. ग्लुकोजला येणार असाल तर सकाळी 10 च्या आत या.