गोळी आरपार गेली, विमानाला ओरखडाही नाही

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत बहिणीकडे गेलो होतो. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो संगणकावर दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर हे लढाऊ विमान उडवत बसला होता. सिम्युलेटर फुकट मिळणारा, ज्याचा कोड कुणालाही उघडून बघता येतो असा. त्यासाठी पोरानं स्वतःचा मोड लिहिला होता, म्हणजे खेळातल्या मूळ तोफा काढून तिथं आपल्या तोफा बसवल्या होत्या. आकडे त्यानं मेहनतीनं गोळा केले होते. हिस्पानो तोफ, 20 मिलिमीटर व्यासाचा गोळा, नळीतून सुटताना सेकंदाला साधारण 850 मीटर वेग, मिनिटाला सहाशेच्या आसपास फैरी. सगळं खरं, सगळं पुराव्यानिशी.

आणि तरी तो रडकुंडीला आला होता. "मामा, बघा की तुम्हीच. शेपटीला चिकटून मारतोय, गोळ्या आरपार जात्यात, आन् इमान काय पडंना."

त्याचा निष्कर्ष असा की गोळ्यात दम नाही. म्हणून त्यानं फाईलमधला स्फोटकाचा आकडा आधी दुप्पट केला, मग चौपट. त्यामुळे झालं असं, की दहातल्या नऊ वेळा काहीच होईना आणि दहाव्या वेळी विमानाच्या चिंधड्या उडायच्या. मी थोडा वेळ नुसता बघत बसलो. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा सारखा बदलत होता. समुद्रावर उडताना तो 140 दाखवायचा आणि तिथं गोळ्या बऱ्यापैकी लागायच्या. जळत्या शहरावर आलं की आकडा 30 वर यायचा आणि गोळ्या आरपार जायला लागायच्या. मी त्याला धूर आणि ढगांच्या सावल्या बंद करायला सांगितल्या. तेच शहर, तीच तोफ, तोच गोळा, पण नेम लागायला लागला.

"मामा, धुराचा आन् गोळीचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो मला इतका आवडतो की त्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

कोपऱ्यातला तो आकडा म्हणजे फ्रेम रेट. संगणक सेकंदाला किती चित्रं काढतो, ते त्यात कळतं. आपल्याला विमान सलग उडताना दिसतं, पण आत सलग असं काही नसतं. संगणक वेळेचे तुकडे करतो. या तुकड्याला विमान इथं, पुढच्या तुकड्याला तिथं. मधल्या काळात विमान कुठं होतं, या प्रश्नाला संगणकाकडे उत्तरच नसतं, कारण मधला काळ त्याच्या जगात घडलेलाच नसतो. धूर, ढग, सावल्या वाढवल्या की एकेक चित्र काढायला जास्त वेळ लागतो आणि वेळेचा तुकडा मोठा होतो. भाच्यानं गोळीची हालचाल त्याच तुकड्यांना बांधली होती. दर चित्रामागे गोळीचं एक पाऊल.

आता हिशेब करा. सेकंदाला 60 चित्रं असतील तर 850 मीटर वेगाची गोळी एका पावलात 14 मीटर उडी मारते. स्पिटफायरची लांबी नाकापासून शेपटीपर्यंत 9 मीटरच्या जरा वर. म्हणजे अख्खं विमान एका उडीच्या आत मावतं आणि वर चार-पाच मीटर उरतात! चित्रं 30 झाली की उडी 28 मीटरची.

हे त्याला पटवायला मी समोरच्या ताटलीतल्या भडंगाचे शेंगदाणे घेतले. वर्तमानपत्रावर दर 14 सेंटिमीटरला एक शेंगदाणा मांडला, ही गोळीची पावलं. मग 9 सेंटिमीटरची कागदाची पट्टी कापली, हे विमान. पट्टी शेंगदाण्यांच्या ओळीवर कुठंही टाक, म्हटलं. कधी एखादा दाणा पट्टीखाली यायचा, कधी पट्टी दोन दाण्यांच्या मधे अलगद पडायची. मग 2 सेंटिमीटरचा तुकडा कापला, हा मागून पुढं मोजलेला पंख. तो दाण्यावर पडायची शक्यता सातात एक. गोळी वरून येऊन पंखात घुसायची असेल, तर पंखाची जाडी जेमतेम फूटभर, मग विचारूच नका. संगणक फक्त एवढंच तपासत होता, की या क्षणी गोळीचा बिंदू विमानाच्या आत आहे का. नाही. पुढच्या क्षणी आहे का? नाही. गोळी अलीकडे होती, आता पलीकडे आहे, आणि वाटेत विमान होतं हे कुणी विचारलंच नाही.

याच चुकीचं आणखी एक रूप आहे. अमेरिकन लढाऊ विमानांवरची एम-61 व्हल्कन तोफ मिनिटाला 6,000, म्हणजे सेकंदाला 100 गोळ्या झाडते. कोड जर "दर चित्राला फार तर एक गोळी" असा लिहिला असेल, तर 60 चित्रांच्या संगणकावर तीच तोफ सेकंदाला 60 झाडेल आणि 30 चित्रांच्या संगणकावर 30. महागडा संगणक असलेल्याची तोफ गरिबाच्या तोफेच्या दुप्पट चालेल. फाईलमध्ये मात्र दोघांकडेही 6,000 हाच आकडा असेल.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो. भाच्याच्या मित्रानं त्याला "गेम बूस्टर" नावाची सॉफ्टवेअरं सुचवली होती, एक बटण दाबलं की वेग दुप्पट म्हणे. अशा दाव्यांवर विश्वास ठेवू नका. मागे चालू असलेले दोन-चार प्रोग्रॅम बंद करण्यापलीकडे त्यांच्या हातात फारसं काही नसतं, आणि ते काम तुम्हालाही येतं. चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड दमलंय की हिशेब करणारा प्रोसेसर, हे आधी मोजून बघावं. धूर आणि सावल्या कमी केल्या की कार्डाचा भार हलका होतो, हवेतली विमानं आणि गोळ्या कमी केल्या की प्रोसेसरचा. न मोजता केलेला उपाय म्हणजे ताप न बघता दिलेलं औषध.

आता माझ्या खऱ्या आवडीच्या भागाकडे येतो. समजा गोळी कुठंच धडकायची नाही, फक्त उडायची आहे. तरीही वेळेचे तुकडे तिला वाकड्या वाटेनं नेतात.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं, तो 50 मीटर रायफलचा प्रकार घेऊ. तिथं गोळीला लक्ष्यापर्यंत जायला सेकंदाचा साधारण सहावा हिस्सा लागतो. तेवढ्यात गुरुत्वाकर्षणानं ती 12-13 सेंटिमीटर खाली येते. नेमबाज नेम धरायच्या मागच्या, बारीक भोकाच्या साईटची उंची जुळवून ते भरून काढतो. हेच आपण सिम्युलेटरमध्ये 60 तुकड्यांनी करू. एक षष्ठांश सेकंदात दहा पावलं.

सर्वांत सोपी रीत ऑयलर या अठराव्या शतकातल्या गणितज्ञाच्या नावानं ओळखली जाते. आधी आत्ताच्या वेगानं गोळी पुढं सरकव, मग वेग बदल. पहिल्या पावलाला गोळीचा खाली जाण्याचा वेग शून्य, म्हणून ती पडतच नाही. दुसऱ्या पावलाला एक घर पडते, तिसऱ्याला दोन, असं करत दहाव्याला नऊ. एकूण पडणं म्हणजे 0 पासून 9 पर्यंतची बेरीज, 45. शाळेतल्या सूत्रानं, गुरुत्वप्रवेगाच्या निम्म्याला वेळेच्या वर्गानं गुणून, खरं उत्तर येतं 50. म्हणजे दहा टक्के कमी, साधारण सव्वा सेंटिमीटर. स्पर्धेच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. नेमबाजाची काहीही चूक नसताना निव्वळ बेरजेच्या रीतीनं गोळी दहाच्या बाहेर!

क्रम उलटा केला, आधी वेग बदलला आणि मग गोळी सरकवली, तर बेरीज 1 पासून 10 पर्यंतची, म्हणजे 55. तेवढीच चूक, पण उलट्या बाजूला. आणि पावलाच्या सुरुवातीचा वेग आणि शेवटचा वेग यांची सरासरी घेतली, तर बरोबर 50. दहा पावलं घ्या, पाच घ्या, एकच घ्या, उत्तर बिनचूक. कोडमध्ये फरक एका ओळीचा.

पण ही जादू गुरुत्वाकर्षण एकसारखं असतं म्हणून चालते. हवेचा विरोध तसा नसतो. तो वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, वेग आवाजाच्या वेगाजवळ आला की त्याचा गुणांक एकदम चढतो आणि पुढं पुन्हा उतरतो, आणि हवेची घनता उंचीनुसार बदलते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, तेवढ्यावरच हवा समुद्रकाठच्या मानानं सुमारे 5 टक्के विरळ होते. 6 किलोमीटरवर ती निम्म्याजवळ येते. म्हणून विरोधाचा एकच आकडा लिहिलेला मोड कितीही "शंभर टक्के रिअलिस्टिक" म्हणवत असला तरी खोटा असतो. असा बदलता विरोध आला की सरासरीची रीतही अचूक राहत नाही, पण तिची चूक झपाट्यानं आटते. तुकडा निम्मा केला तर ऑयलरच्या रीतीची चूक निम्मी होते, सरासरीच्या रीतीची पाव होते. रुंगे (1895) आणि कुट्टा (1901) या जर्मन गणितज्ञांच्या नावाची एक रीत आहे. ती एका पावलात चार वेळा उतार, म्हणजे बदलाचा वेग, तपासते, आणि तुकडा निम्मा केला की तिची चूक सोळावा हिस्सा होते. काम दुप्पट, फायदा सोळापट. मला हे गणितातलं एक देखणं सत्य वाटतं.

ही तुकड्या-तुकड्यांची बेरीज संगणकाच्या आधीपासूनची आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तोफांचे तक्ते तयार करायला गणित शिकलेल्या शेकडो बायका बसवल्या होत्या. मिनिटभर उडणाऱ्या एका गोळ्याचा मार्ग यंत्रावर बेरजा करत काढायला सुमारे 20 तास लागत. 1946 मध्ये जगापुढं आलेला एनियाक हा संगणक मुळात याच कामासाठी बांधला होता, आणि त्याला तो मार्ग काढायला 30 सेकंद लागत. गोळा जमिनीवर पडायच्या आत त्याच्या मार्गाचं गणित पूर्ण!

वेळेच्या तुकड्याची हेळसांड खऱ्या युद्धातही भोवली आहे. 25 फेब्रुवारी 1991 ला सौदी अरेबियातल्या धहरानमध्ये अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेला येणारं इराकी स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि 28 सैनिक गेले. ती यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत होती. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा 0.333 असा न संपता चालू राहतो, तसा संगणकाच्या, फक्त 0 आणि 1 वापरणाऱ्या, द्विमान पद्धतीत एक दशांश कधी संपतच नाही. 24 बिटांत, म्हणजे अशा 24 अंकांत, तो कापून ठेवला होता. प्रत्येक मोजणीत नगण्य चूक. पण यंत्रणा सलग 100 तास चालू होती आणि चूक साचत साचत एक तृतीयांश सेकंद झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्धा किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. यंत्रणा आकाशात भलत्याच जागी बघत राहिली.

भाच्याचा पहिला विचार, कुणाचाही असतो तोच, की तुकडे बारीक करू. तेही करून बघू, म्हटलं. फूटभर जाड पंख चुकू नये म्हणून गोळीचं पाऊल 30 सेंटिमीटरचं ठेवलं, तर सेकंदाला 2,800 च्या वर पावलं लागतात. एका स्पिटफायरवर दोन हिस्पानो तोफा आणि चार ब्राउनिंग मशीनगन धरल्या तर सेकंदाला शंभरेक गोळ्या सुटतात. प्रत्येक गोळी तीन सेकंद हवेत, अशी वीस विमानं एकाच वेळी मारतायत, म्हणजे सहा हजारांच्या घरात गोळ्या. दर सेकंदाला दीड कोटीहून जास्त पावलं, आणि दर पावलाला प्रत्येक विमानाशी तपासणी. पोराचा संगणक तिथंच बसला असता.

उपाय वेगळा आहे. बिंदू तपासायचा सोडून रेघ तपासायची. मागच्या क्षणी गोळी कुठं होती आणि आत्ता कुठं आहे, या दोन जागांमध्ये सरळ रेघ ओढायची आणि ती विमानाला कापते का बघायचं. शेंगदाण्यांच्या मधून दोरा ओवल्यासारखं. पट्टी कुठंही टाका, दोरा तिच्याखालून जाणारच. काम वाचवायला आधी विमानाभोवती एक मोठा काल्पनिक गोल धरायचा. रेघ त्या गोलालाच शिवत नसेल तर पंख, शेपूट, इंजिन तपासायची गरज नाही. बहुतेक गोळ्या तिथंच बाद होतात.

दुसरा बदल असा, की गोळीचं घड्याळ चित्रांपासून तोडायचं. चित्रं 140 असोत की 25, गणिताची पावलं सेकंदाला ठरलेली 120. दोन चित्रांच्या मधे जितका वेळ गेला, त्यात जितकी पूर्ण पावलं बसतात तितकी टाकायची आणि उरलेला वेळ पुढच्या चित्रासाठी बाजूला ठेवायचा. तोफेचंही तसंच, एका चित्रात दोन गोळ्या निघायच्या असतील तर दोन काढायच्या.

रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघं त्यात होतो. बहीण दोनदा जेवायला हाक मारून गेली. स्फोटकाचा आकडा भाच्यानं मुकाट्यानं मूळ जागी नेऊन ठेवला. मग धूर, ढग, सावल्या सगळं चालू करून जळत्या शहरावर गेला. कोपऱ्यातला आकडा 27 होता. दोन सेकंदांची एक फैर, समोरच्या विमानाचा डावा पंख मुळाशी तुटला आणि ते गिरक्या घेत खाली गेलं.

"नाद खुळा, मामा!" म्हणाला, आणि लगेच गप्प झाला. मग वहीवर दोन रेघा काढत म्हणाला, "पण गोळी जाईपर्यंत ते इमान पण सरकलेलं असतंय की. आपण ते एका जागी धरलंय."

बरोबर धरलं होतं त्यानं. गोळीच्या हालचालीतून विमानाची हालचाल वजा करून मग रेघ ओढायला हवी. वळणाऱ्या विमानाला तेवढंही पुरत नाही. ते त्यानं दुसऱ्या दिवशी करायला घेतलं.